न्हाव्यापुढं न बसलेली अठ्ठावीस वर्षं

सात वर्षांचा असताना माझं लग्न ठरल्याचं मी स्वतःच गावभर सांगून आलो. चूक माझ्या एकट्याची नव्हती. घरात माझ्या मापाचे नवे कपडे शिवून आले होते, जरीची टोपी आली होती, माळ्याला फुलांचा सेहरा सांगितला होता आणि मामू पाटलांची घोडी दुपारपुरती मागायला गेले होते. एवढ्या पुराव्यावर तहसील कचेरीतही माझ्या बाजूनं निकाल लागला असता.

पहिली बातमी मी आमच्या घरामागच्या धनगराच्या पोराला दिली. तो माझ्याच वयाचा, मेंढ्यांच्या वाड्यात वाढलेला, आणि कुठल्याही गोष्टीवर चटकन विश्वास न ठेवणारा.

"नवरी कुठली हाय?" त्यानं विचारलं.

"सांगितलं न्हाई अजून."

"कावून?"

"ऐन वेळेला सांगतेत."

त्यानं बराच विचार केला. "आमच्यात अगुदर सांगतेत," तो म्हणाला. तरी घोडीचं ऐकल्यावर त्याचं तोंड उतरलं, आणि मला समाधान झालं.

आम्ही मुलाणी. तेलगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. राज्य हैदराबादचं, शाळा उर्दू, बाजार मराठी. जत्रेत, नवसाला, कुणाच्या दारी पाहुणे आले की बकरं कापायला आमच्या घरातलाच माणूस लागायचा, आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर आमचा वाटा ठरलेला असायचा. घरात आम्ही दखनी आणि मराठी कालवून बोलायचो. भांडण मात्र निव्वळ मराठीत व्हायचं, कारण ते शेजाऱ्यांनाही समजलं पाहिजे.

ठरल्या दिवशी मला घोडीवर बसवून गावातून फिरवलं. मारुतीच्या पारापाशी लोकांनी माझ्या तोंडात साखर घातली. धनगराचं पोरगं नवरी बघायला म्हणून घोडीच्या मागं मागं चालत होतं. घरी आल्यावर मामूंनी मला मांडीवर घेतलं. समोर तेलगावचा हज्जाम कातड्याची धोकटी उघडून बसला होता. नवरदेवाची दाढी करायची असते हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला आदबीनं सांगितलं की मला अजून दाढी आलेली नाही. खोलीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. इतकी माणसं एकदम माझ्यावर खूश असल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

"वर बघ," हज्जाम म्हणाला, "आढ्याला सोन्याची चिमणी बसलीया."

मी वर बघितलं. आढ्याला जळमटं होती. चिमणी जळमटांच्या पलीकडं असेल म्हणून मी मान आणखी मागं टाकली, आणि तेवढ्यात माझी सुंता झाली.

मी जो ओरडलो त्यानं पाटलांची घोडी दावं तोडून पळाली, असं अम्मा पुढं येईल त्या पाहुण्याला सांगायची. धनगराच्या पोरानं दारातून डोकं आत घालून "नवरी आली का बे?" असं विचारलं, तेव्हा त्याला कुणीतरी पिटाळलं.

सुंता आमच्यात सगळ्यांचीच होते. अब्बांची झाली होती, मामूंची झाली होती, ज्यांनी ज्यांनी माझे हातपाय धरले त्या सगळ्यांची झाली होती. दहा दिवस सैल लुंगी नेसून बसायचं, राख लावायची, शिरा खायचा, अकराव्या दिवशी गोट्या खेळायला जायचं. मीही अकराव्या दिवशी गोट्या खेळायला गेलो. जखम म्हणाल तर तिचा पुन्हा कधी त्रास झाला नाही. जो त्रास झाला तो भलतीकडूनच झाला, आणि तो सुंतेचा आहे हे मला कळायलाच वीस वर्षं गेली. मी इतर बाबतींतही तितकाच हुशार आहे.

पंधराएक दिवसांनी मी अब्बांना विचारलं, "चिमणी नव्हती ना?"

"न्हाई."

"मग खोटं कावून सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर बसला असतास का?"

"न्हाई."

"मग," अब्बा म्हणाले, आणि सुरीला धार लावायला बसले.

पहिली गोष्ट केसांची. दोन महिन्यांनी अब्बांनी मला गावच्या न्हाव्याकडं नेलं. हा आमच्या गावचा म्हातारा न्हावी, त्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. त्यानं वस्तरा काढून चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा घासला. तो आवाज कानात शिरला, आणि पुढचं मला आठवतं ते इतकंच की मी नदीच्या पलीकडं उभा होतो आणि माझी चप्पल अलीकडं होती. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी न्हावीच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मुलाणी, पोरगं नदीत वाहून जायचं."

तेव्हापासून माझे केस अम्मा कापायची, धनगरांकडून मेंढरं कातरायची कातर आणून. ती कातर लोकरीसाठी केलेली आणि अम्मानं आयुष्यात कधी मेंढरूही कातरलेलं नव्हतं. डोक्यावर कुठं वीतभर, कुठं काहीच नाही असा प्रकार असायचा. दाढी आली तीही तशीच वाढली. विसाव्या वर्षी मी मांजरसुंब्याच्या नाक्यावर बैलगाडीची वाट बघत एका झाडाखाली डोळे मिटून बसलो होतो. डोळे उघडले तर पुढ्यात सूपभर ज्वारी, आणि एक बाई हात जोडून सुनेला मूल होत नसल्याचं सांगत होती. मी फकीर नाही हे सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात गाडी आली. ज्वारी मी घरी नेली. पुढच्या वर्षी तिला नातू झाला आणि ती मला शोधत गावात आली, ही आणखी पंचाईत.

दुसरी गोष्ट अशी की "वर बघ" म्हटलं की मी खाली बघतो. ठरवून नव्हे. मान आपोआप खाली जाते आणि दोन्ही हात आपोआप पुढं येतात. चांद बघायला अख्खा गाव माळावर उभा राहायचा, आणि त्यात एक माणूस स्वतःच्या पायांकडं बघत असायचा. एकदा त्याच धनगराच्या पोराच्या वाड्याचं आढं बसवताना तो वरून ओरडला, "मुलाण्या, वर बघ बे." मी खाली बघितलं. आढं माझ्या खांद्यावर आलं. तो खांदा अजून पावसाळ्यात सांगतो की मी चुकलो.

"मी वर बघ म्हणलं ना?" मला बाजेवर टाकून नेताना तो म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याची. लोकांना वाटतं, ज्याला वस्तऱ्याची भीती त्याला सुरीचीही असणार. तसं काही नव्हतं. सुरी मी रोज धरायचो, आणि हात हलायचा नाही. पण बकरं आणायची आमच्याकडं एक रीत आहे: पुढं हिरवा पाला धरायचा, बकरं पाल्यामागं चालत येतं, जागेवर आलं की पाला खाली टाकायचा, त्यानं मान खाली घातली की काम होतं. मला तो पाला धरता येईना. म्हणून मी बकरं दोरीनं ओढत आणायचो. बकरं मागं ओढायचं, मी पुढं ओढायचो, आणि जत्रेतली माणसं उपाशी पोटी आमचा खेळ बघायची. एकदा पाटील म्हणाले, "अरं, जरा पाला दाखव की त्याला." मी म्हणालो, "फसवायचं न्हाई, पाटील. त्याला कळू द्या." त्या वर्षीपासून त्यांच्या घरचं बकरं माझा चुलतभाऊ कापतो.

माझं खरं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वरात नवरीच्या गावी, घाटनांदूरकडं गेली होती. नवे कपडे, जरीची टोपी, सेहरा, घोडी. सकाळपासून जो भेटेल तो माझ्या तोंडात काहीतरी गोड घालत होता आणि सगळे माझ्याकडं बघून हसत होते. माझा घाम सेहऱ्याच्या फुलांतून गळायला लागला होता. तरी मी मनाला सांगत होतो की हे वेगळं आहे, ह्या वेळेला नवरी खरोखर आहे, मी तिच्या बापाला भेटलोय. वेशीपाशी नवरीकडची माणसं सामोरी आली. त्यांच्यात सर्वांत पुढं एक माणूस होता. बगलेत कातड्याची धोकटी, हातात छत्री, तोंडभर हसू. तो त्यांच्या गावचा न्हावी होता. नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरायचा मान तिथं न्हाव्याचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी घोडीवरून उतरलो आणि ज्वारीच्या रानात शिरलो.

रानाच्या मधोमध बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. पण परत जायची वाट मला सापडेना, आणि खरं सांगायचं तर शोधायची घाईही नव्हती. इकडं नवरीच्या बापानं आपल्या परीनं अर्थ लावला: नवरदेव रुसला. नवरदेव रुसतातच, ती रीतच आहे. फक्त जेवणाच्या पंगतीत रुसतात, वेशीवर नाही. तो बिचारा रानाच्या कडेला उभा राहून हाका मारायला लागला.

"जावाईबापू, काय कमी पडलं सांगा."

मी ज्वारीत आणखी खाली वाकलो.

"दुभती शेळी देतो," तो म्हणाला.

मी गप्प. गप्प अशासाठी की न्हावी अजून तिथंच असेल तर.

"दोन देतो."

शेवटी माझा धनगर दोस्त, जो वरातीत आला होता, ज्वारी बाजूला सारत माझ्यापर्यंत पोचला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सगळं ओळखलं. परत जाऊन त्यानं सासऱ्यांना सांगितलं की नवरदेव दोन शेळ्यांवर राजी आहे, फक्त छत्रीवाल्याला जरा लांब पाठवा, त्याच्या छत्रीची सावली नवरदेवाला सोसत नाही. अशा रीतीनं माझं लग्न लागलं. बायको पुढं कैक वर्षं असंच समजत होती की मी शेळ्यांसाठी अडून बसलो होतो, आणि खरं कारण सांगण्यापेक्षा मी हावरट ठरणं पसंत केलं.

दोन मुलींनंतर मला मुलगा झाला. तो सातवं ओलांडायच्या आत घरात बोलणं सुरू झालं. थंडीचे दिवस, ज्वारी काढून झालेली, जखम भरायला हीच हवा चांगली. माझ्या चुलतभावाचीही दोन पोरं त्याच वयाची होती. तिघांची सुंता एकाच दिवशी उरकायची ठरली. माझ्या मेव्हण्यानं नवे कपडे शिवायला टाकले. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली, आणि माझं सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलं. सुंता होणार होती, व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझा मुलगा माझं सगळं खरं मानायचा. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की मासे झाडावर चढतात हेही त्यानं मानलं होतं. अठ्ठावीस वर्षं मी जे बाळगत होतो ते त्याच्याही गळ्यात बांधायचं आणि तेही माझ्याच तोंडानं, हे मला जमणार नव्हतं.

अब्बा तेव्हा खूप थकले होते. उन्हात भिंतीला टेकून बसायचे. मी त्यांना म्हणालो, "मी पोराला सगळं सांगणार हाय."

अब्बांनी उन्हातले पाय सावलीत ओढले. मग म्हणाले, "मला मोर दाखवला होता."

"कुठं?"

"आढ्याला."

"मग?"

"मग काय. मी लई दिवस माझ्या मायला विचारायचो, मोर कुठं गेला. मला वाटायचं, मी ओरडलो म्हणून उडाला." ते भिंतीला नीट टेकून बसले. "सांग तुला सांगायचं तर. पण तुझ्या बायकोला अगुदर सांगू नको."

हा सल्ला मी पाळला, आणि पुढं जे झालं त्यात तोही माझ्याच नावावर जमा झाला.

मुलाला मी ओढ्याकाठी नेलं. काय होणार, कोण धरणार, रक्त येणार, हे सगळं सांगितलं. चिमणी नसते हेही सांगितलं. तो ओढ्यात खडे टाकत ऐकत होता.

"लई दुखतं?"

"पायात बाभळीचा काटा मोडल्यावर दुखतं, तेवढं."

"तुमी रडला होता का?"

"हो."

"किती?"

"पाटलांची घोडी पळाली."

त्यानं हे मनात तोललं. "आन भेव?"

"भेव जातं."

"तुमचं गेलं?"

"गेलं," मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदा खड्यांवरून नजर काढली आणि माझ्या केसांकडं बघितलं. मग पुन्हा खडे टाकायला लागला. मला वाटलं, पोरगं समजूतदार आहे, काम सोपं झालं. घरी येताना मी शीळ घालत होतो.

ठरल्या दिवशी सकाळी तेलगावचा हज्जाम आला. तोच. आता पुरता पांढरा झालेला, पण हात स्थिर. तो ओसरीवर धोकटी ठेवून बसला आणि मी खांबाच्या आड उभा राहिलो. मी ओळख दिली, माझीही त्याच्याच हातची आहे म्हणून सांगितलं. त्यानं डोळे बारीक केले.

"अशी किती तरी पोरं," तो म्हणाला. "त्यात तुमी कोनते?"

ज्या माणसानं माझ्या डोक्यात अठ्ठावीस वर्षं बिऱ्हाड केलं होतं, त्याला मी आठवतही नव्हतो. मला जरा वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून बायकोची हाक आली. पोरगं नाही. मग चुलतभावाच्या घरातून हाक आली. तिथलीही दोन नाहीत. थोड्या वेळानं चुलतभावाच्या मोठ्या पोरीनं सांगून टाकलं की माझ्या मुलानं तिच्या भावांना सगळं सविस्तर सांगितलं होतं, रक्तासकट.

"त्याला कुनी सांगितलं?" बायकोनं विचारलं.

मी खांबाकडं बघितलं.

"अवो, तुमाला इचारते मी. सांगितलं कावून?"

"खोटं बोलायचं न्हवतं म्हणून."

"माझ्या भावानं कापडं आनली, दोन डेगी चुलीवर चढल्या, पाव्हनं येऊन बसलं, आन तुमाला आजच खरं बोलायचं होतं. लग्नात शेळ्या मागताना कुठं गेलतं खरं?"

मेव्हणा आणि चुलतभाऊ विहिरी बघायला पळाले. मी कडब्याच्या गंज्या उपसल्या. माझा धनगर दोस्तही आमच्याबरोबर शोधत होता, सर्वांत जास्त हाका तोच मारत होता. दोन वेळा गाव पालथा घातल्यावर त्यानं मला हळूच बाजूला घेतलं.

"पोरं माझ्या वाड्यात हायेत," तो म्हणाला. "कोकरांच्या कुडात."

"मग सकाळपासून हाका कशाला मारतोस बे?"

"त्यांनी शपथ घातली. पत्ता सांगायचा न्हाई म्हणली. हाका मारायच्या न्हाईत असं म्हणली न्हाईत."

"आता कावून सांगतोस?"

"आता निरोप हाय. तुझ्या पोराचा. तो म्हणतो, अब्बांचं भेव गेलं म्हणतेत, तर अगुदर अब्बांनी हज्जामापुढं बसावं. डोकं आन दाढी, दोन्ही. मग तो येतो."

मी खाली बसलो.

"नुसती दाढी म्हणून सांग," मी म्हणालो.

तो गेला आणि परत आला. "न्हाई म्हणतो. डोकंबी."

"मेव्हण्याची करतो म्हणावं. त्याचीबी वाढलीया."

"मुलाण्या," तो म्हणाला, "तुझ्या लगनात ज्वारीतून मी तुला काढला. आता माझ्याच्यानं न्हाई. ते पोरगं कोकराला धरून बसलंय आन त्याच्या अंगाला कापरं भरलंय. जे असंल ते तूच कर."

कापरं भरलंय हे ऐकून माझं सगळं बोलणं संपलं. मला नदीपलीकडं अनवाणी उभा राहिलेला मी आठवलो. मी ओसरीवर आलो आणि हज्जामाच्या पुढ्यात पाटावर बसलो. धनगर पोरांना घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. तिघांच्याही अंगाला लेंड्या आणि गवत लागलेलं होतं, नव्या कपड्यांची माती झाली होती. पाहुणे, बायको, माझ्या मुली, सगळे गोळा झाले. मला बघून एकदोघं हसले, मग माझं तोंड बघून गप्प झाले.

हज्जामानं वस्तरा पट्ट्यावर घासला. माझ्या पाठीतून घामाची धार निघाली आणि गुडघे पाटावर वाजायला लागले. ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मी दोन्ही हातांनी पाटाच्या कडा धरल्या.

"थंडी वाजती का?" हज्जामानं विचारलं.

"न्हाई. भेव वाटतं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कुंपणापर्यंत जाईल असं.

बायकोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू ती मनात शेळ्यांचा प्रसंग पहिल्यापासून पुन्हा लावून बघत होती.

डोकं झालं. केस मांडीवर पडत होते, त्यात काही पांढरे होते, ते मला नवीनच. मग दाढी. दाढीला मान मागं टाकावी लागते. हज्जामानं हनुवटीला बोट लावून वर ढकललं, आणि माझी मान हलेना. त्यानं पुन्हा ढकललं. मी डोळे मिटले, पोट आवळलं आणि मान वर केली. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मुलगा कुंपण ओलांडून ओसरीच्या पायरीवर येऊन बसला होता आणि माझ्या गळ्यावरून जाणाऱ्या वस्तऱ्याकडं एकटक बघत होता.

"झालं?" त्यानं हज्जामाला विचारलं.

"झालं."

तो उठला. चेहरा पांढरा पडला होता, पण उठला. "मामूनं धरायचं न्हाई," तो म्हणाला. "अब्बांनी धरायचं." आमच्यात बाप धरत नाही, धरायचा मान मामाचा. मेव्हण्याला राग आला असता, पण त्यानं आणलेल्या नव्या कपड्यांचा आता उपयोग नव्हता आणि तो सकाळपासून तीन विहिरींत उतरला होता. तो म्हणाला, "धरा तुमीच."

मी मुलाला मांडीवर घेतलं. तो माझ्या तुळतुळीत चेहऱ्याकडं बघत होता, कारण हा माणूस त्यानं आधी कधी पाहिलाच नव्हता. मीही त्याच्याकडंच बघत राहिलो. मी म्हणालो, "आता होणार हाय," आणि झालं. तो ओरडला. चांगला लांबवर जाईल असा ओरडला. चुलतभावाची पोरं ते ऐकून पुन्हा पळाली, आणि त्यांची सुंता पुढच्या वर्षी करावी लागली. त्याबद्दल चुलतभाऊ माझ्याशी बराच काळ बोलला नाही.

मुलगाही बोलला नाही. चार दिवस मी बाजेपाशी गेलो की तो भिंतीकडं तोंड करायचा. अम्माच्या हातून खायचा, बहिणींशी बोलायचा, धनगराच्या कोकराची चौकशी करायचा. मी ओसरीवर उघडं डोकं घेऊन बसायचो. मला वाटत होतं, सगळं वाया गेलं. खरं सांगूनही तेच झालं, आणि वर केसही गेले.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्याच्यासाठी शिऱ्याची वाटी घेऊन गेलो. ठेवून परत फिरणार, तेवढ्यात तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "बाभळीच्या काट्यासारखं न्हवतं."

"मग?"

"लई जास्त होतं."

"मला नीट आठवत न्हवतं," मी म्हणालो. "सातच वर्षांचा होतो मी."

"भेव गेलं म्हणला, तेबी खोटं होतं. गुडघे वाजत होते तुमचे."

"हो."

तो वळला. मोठ्या माणसासारखा कपाळाला आठ्या घालून त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजी मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"थोडं," तो म्हणाला.

मग वाटी हातात घेतली, आणि बाजेवर जरा सरकून माझ्यासाठी जागा केली.